जगाला अणू समजावणाऱ्या डाल्टनने मेल्यानंतर स्वतःचे डोळे कापून बघायला का सांगितलं होतं?

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात जॉन डाल्टन भेटतो तो अणूसोबत. डाल्टनचा अणुसिद्धांत, त्यातले मुद्दे पाठ करायचे, परीक्षेत लिहायचे आणि विसरून जायचे. त्यापलीकडे हा माणूस कोण होता, कुठला होता, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

पण फ्रेंच किंवा स्पॅनिश बोलणाऱ्या माणसासमोर डाल्टनचं नाव काढलं, तर त्याला आधी अणू आठवेलच असं नाही. कारण या भाषांमध्ये लाल-हिरव्यात फरक न कळणाऱ्या माणसाला थेट डाल्टनच्या नावाने ओळखतात. आपण ज्याला रंगांधळेपणा म्हणतो, त्याला तिकडे डाल्टोनिझम म्हणतात.

आता प्रत्येक घराण्याची शरीराची अशी एखादी खूण असतेच. कुणाच्या घरात सगळ्यांना कान हलवता येतात, कुणाचा अंगठा उलटा मागे वाकतो. लग्नकार्यात पाहुणे जमले की पोरांना ते करून दाखवायला लावतात आणि मग हा अगदी आजोबांवर गेलाय, असं कौतुकही होतं. या खुणा चारचौघांना दिसतात, म्हणून त्यांची चर्चा होते. डाल्टनच्या घरातली खूण मात्र बाहेरून दिसणारी नव्हती. ज्याच्याकडे ती होती, त्यालाही तिचा पत्ता नव्हता. डाल्टनला स्वतःला ती कळली तेव्हा तो २६ वर्षांचा होता.

विणकराचा पोरगा, बाराव्या वर्षी मास्तर

इंग्लंडच्या उत्तरेला कंबरलँड परगण्यात ईगल्सफील्ड नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे सप्टेंबर १७६६ मध्ये जॉनचा जन्म झाला. वडील जोसेफ हातमागावर कापड विणायचे. आई डेबोरा. मोठा भाऊ जोनाथन. परिस्थिती बेताची होती.

हे कुटुंब क्वेकर पंथाचं. क्वेकर म्हणजे ख्रिश्चनांमधला एक साधा राहणारा पंथ. दागदागिने नाहीत, डामडौल नाही, तलवार बाळगायची नाही आणि कपडे घालायचे ते मातकट, राखाडी, तपकिरी. भडक रंग वर्ज्य. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे.

क्वेकर लोक इंग्लंडच्या अधिकृत चर्चला मानत नसत, त्यामुळे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे दरवाजे त्यांना बंद होते. म्हणजे जॉन कितीही हुशार असला तरी कॉलेजचा विषयच नव्हता. त्याने वेगळी सुरुवात केली. वयाच्या बाराव्या वर्षी तो गावातल्या पोरांना शिकवायला लागला. काही विद्यार्थी जवळपास त्याच्याच वयाचे होते. १७८१ मध्ये तो केंडल या गावी जोनाथनकडे गेला आणि तिथल्या क्वेकर शाळेत शिकवू लागला. पुढे दोघा भावांनी मिळून ती शाळा चालवली.

केंडलमध्ये त्याला एक गुरू भेटला, जॉन गॉफ. गॉफला लहानपणी देवी आल्या होत्या आणि त्यात त्याची दृष्टी गेली होती. पण लॅटिन, ग्रीक, गणित, हवामान, वनस्पती, सगळ्यात हा माणूस तयार. झाडं तो हाताने चाचपून ओळखायचा. गॉफच्या सांगण्यावरून डाल्टनने २४ मार्च १७८७ रोजी हवामानाची डायरी लिहायला घेतली. तापमान, हवेचा दाब, पाऊस, वारा. ही डायरी त्याने पुढे ५७ वर्षं लिहिली आणि त्यात दोन लाखांहून जास्त नोंदी झाल्या. स्वतःला रंग नीट दिसत नाहीत हे शोधून काढणाऱ्या माणसाचा गुरू डोळ्यांनी अंध होता, हे एखाद्या कादंबरीत वाचलं असतं तर पटलं नसतं.

गुलाबी फूल, निळं फूल

गॉफच्या नादाने डाल्टनला वनस्पतींचं वेड लागलं आणि तिथेच पहिल्यांदा काहीतरी खटकायला लागलं. वनस्पती ओळखायच्या तर फुलांचे रंग सांगावे लागतात. पांढरा, पिवळा, हिरवा इथपर्यंत ठीक होतं. पण निळा, जांभळा, गुलाबी आणि किरमिजी यांना लोक वेगवेगळी नावं का देतात, हे त्याला कळायचं नाही. हे फूल निळं आहे की गुलाबी, असं तो अगदी मनापासून विचारायचा आणि समोरच्याला वाटायचं हा थट्टा करतोय.

एक गोष्ट त्याच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. त्याने आईसाठी रेशमी मोज्यांची जोडी घेतली. त्याच्या दृष्टीने ते क्वेकर बाईला शोभतील असे मळकट रंगाचे मोजे होते. आईने बघितलं तर लालभडक! असले मोजे घालून ती प्रार्थनेला जाणार कशी? जॉनला काही केल्या पटेना, म्हणून जोनाथनला बोलावलं. तोही म्हणाला, रंगात काहीच वावगं नाही. शेवटी शेजारच्या बायकांना साक्षीला बोलवावं लागलं.

गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलेलं असेल, पण तिच्यातली खरी गोम जोनाथनच्या उत्तरात आहे. घरात ज्याला विचारायचं, त्याचेही डोळे तसेच. दोन भाऊ एकत्र वाढले, एकत्र शाळा चालवली, रोज एकमेकांना वस्तू दाखवल्या आणि दोघांचं कायम एकमत झालं. चुकतंय हे कळणार कसं? त्यात घरात कपडे सगळे करड्या रंगाचे. लाल रंगाशी गाठ पडायची वेळच कमी.

शेवटी उलगडा केला एका जिरेनियमच्या फुलाने. १७९२ चा शरद ऋतू होता. दिवसा डाल्टनला हे फूल आकाशासारखं निळं दिसायचं. एका संध्याकाळी त्याने तेच फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं, तर ते चक्क लालसर दिसलं, निळ्याचा मागमूस नाही. त्याला वाटलं, मेणबत्तीच्या उजेडात सगळ्यांनाच असं दिसत असणार. त्याने मित्रांना विचारलं. त्यांच्या मते फुलाचा रंग दिवसा आणि रात्री जवळपास तोच होता, गुलाबी. फक्त एका माणसाला अगदी डाल्टनसारखं दिसलं. तो म्हणजे जोनाथन.

इथे दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. आपल्यात काहीतरी कमी आहे, हे जगाला सांगायची हौस कुणाला असते? डाल्टनने उलट केलं. १७९३ मध्ये तो मँचेस्टरला एका कॉलेजात गणित आणि विज्ञान शिकवायला गेला. तिथल्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीचा तो सभासद झाला आणि ३१ ऑक्टोबर १७९४ रोजी त्याने तिथे पहिला निबंध वाचला. विषय होता त्याचे स्वतःचे डोळे. रंगांधळेपणावर एखाद्या शास्त्रज्ञाने इतका तपशीलवार अभ्यास मांडण्याची ही पहिली वेळ.

या निबंधातले तपशील आजही वाचणाऱ्याला चक्रावून टाकतात. पत्रावर लावायची लाल लाख आणि लॉरेलच्या झाडाचं हिरवं पान त्याला एकाच रंगाचं दिसायचं. मोज्यावर पडलेला रक्ताचा डाग आणि चिखलाचा डाग यात त्याला फारसा फरक करता यायचा नाही. निरोगी माणसाच्या गालावरची लाली त्याला कशी दिसायची? पांढऱ्या कागदावर पाणी घातलेली काळी शाई पसरावी तशी. इंद्रधनुष्यातल्या सात रंगांपैकी त्याच्या वाट्याला येत होते दोन, फार तर तीन. पिवळा, निळा आणि कदाचित जांभळा.

त्याने इतरांचीही चौकशी केली. एका वर्गात २५ विद्यार्थी होते, त्यात त्याच्यासारखे दोन सापडले. त्याच्याच कंबरलँडमधल्या मेरीपोर्ट या गावच्या हॅरिस नावाच्या चांभाराची हकिकत १७७७ मध्ये छापून आली होती. या हॅरिसला झाडावरची चेरीची फळं पानांमधून रंगाने वेगळी दिसायची नाहीत, आणि त्याच्या भावांचंही तसंच होतं. असं करत करत डाल्टनने सुमारे २० जणांची माहिती जमवली आणि दोन गोष्टी लिहून ठेवल्या. एक, हे घराण्यात सापडतं, भावाभावांत सापडतं, पण त्यांच्या आईवडिलांत आणि मुलांत बहुतेक वेळा सापडत नाही. दोन, यात एकही बाई नाही.

आज हे वाचताना हात शिवशिवतात. कोड्याचे सगळे तुकडे या माणसाच्या टेबलावर होते. फक्त ते जोडायला लागणारी विद्याच तेव्हा जन्माला आली नव्हती.

डोळ्यात निळं पाणी?

कारण शोधताना डाल्टन वेगळ्याच रस्त्याला लागला. त्याने विचार केला, निळ्या काचेतून बघितलं की लाल रंग मरतो. मग आपल्या डोळ्याच्या आत जो पारदर्शक द्रव भरलेला असतो, तो आपल्या बाबतीत निळसर असला पाहिजे. तो लाल उजेड गिळून टाकतो, म्हणून आपल्याला लाल दिसत नाही. तर्क सरळ होता आणि चूक होता.

थॉमस यंग नावाच्या शास्त्रज्ञाने १८०२ मध्ये मांडलं होतं की डोळ्याच्या पडद्यावर तीन प्रकारच्या रंग टिपणाऱ्या यंत्रणा असाव्यात. १८०७ मध्ये त्याने डाल्टनच्या बाबतीत अंदाज बांधला की लाल टिपणारी यंत्रणाच नसेल. डाल्टनने काही आपलं मत बदललं नाही. उलट त्याने फैसला करायची सोय करून ठेवली. आपण मेल्यावर आपले डोळे काढून तपासावेत, असं त्याने सांगून ठेवलं.

मधल्या काळात त्याने काय केलं, ते शाळेच्या पुस्तकात आहे. वायूंच्या मिश्रणातल्या दाबाचा नियम, १८०३ मध्ये वहीत लिहिलेला अणूंच्या वजनांचा पहिला तक्ता आणि १८०८ पासून छापायला सुरुवात झालेला रसायनशास्त्राचा ग्रंथ. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू वेगळ्या वजनाचे असतात आणि ते ठरावीक प्रमाणात जोडले जातात, ही कल्पना त्याने रसायनशास्त्राच्या पायात बसवली. अणूंसाठी त्याने गोल चिन्हं काढली. ऑक्सिजनचा गोल रिकामा, हायड्रोजनच्या गोलात ठिपका, कार्बनचा गोल काळा. सगळं काळं-पांढरं. यातून लगेच काही अर्थ काढायला नको, पण आज प्रयोगशाळेत ऑक्सिजनचा गोळा लाल रंगाचा असतो, तो डाल्टनच्या फारसा उपयोगाचा नव्हता एवढं खरं.

नाव झालं तरी राहणी बदलली नाही. त्याने लग्न केलं नाही. शिकवण्या घेऊन पोट भरलं. युरोपभर गाजलेला हा माणूस मँचेस्टरमध्ये पोरांना अंकगणित शिकवताना सापडायचा. गुरुवारी दुपारी मैदानावर लाकडी चेंडूंचा खेळ आणि उन्हाळ्यात आपल्या मुलखातले डोंगर चढणं, एवढीच काय ती चैन.

१८३४ मध्ये त्याला राजा चौथ्या विल्यमच्या दरबारात न्यायचं ठरलं. पंचाईत अशी की दरबारी पोशाखात कमरेला तलवार लागते आणि क्वेकर माणूस तलवार लावणार नाही. तोडगा निघाला. १८३२ मध्ये ऑक्सफर्डने त्याला मानाची डॉक्टरेट दिली होती. (हो, त्याला विद्यार्थी म्हणून दार बंद असलेलंच ऑक्सफर्ड!) त्या पदवीचा झगा घालून गेलं की तलवारीची गरज नाही. फक्त तो झगा होता लालभडक. क्वेकरांना निषिद्ध असलेला रंग. पण डाल्टनला त्यात अडचण वाटायचं कारण नव्हतं, त्याच्या डोळ्यांना तो लाल दिसतच नव्हता. तो शांतपणे झगा घालून दरबारात गेला.

१८३७ पासून पक्षाघाताच्या झटक्यांनी तो खचत गेला. बोलणं अडखळायला लागलं. हवामानाची डायरी मात्र चालू होती. २६ जुलै १८४४ च्या रात्री त्याने थरथरत्या हाताने थोडा पाऊस झाल्याची नोंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. मँचेस्टरच्या टाऊन हॉलमध्ये त्याचं अंत्यदर्शन घ्यायला सुमारे ४०,००० लोक आले. साधेपणाने जगलेल्या क्वेकर माणसासाठी हा थाट जरा जास्तच होता.

त्याआधी, २८ जुलैला, त्याचे डॉक्टर जोसेफ रॅन्सम यांनी त्याची शेवटची इच्छा पूर्ण केली होती. त्यांनी एका डोळ्यातला द्रव घड्याळाच्या काचेवर ओतला. तो पाण्यासारखा स्वच्छ होता, निळी छटा अजिबात नाही. भिंगाला थोडी पिवळसर झाक होती, पण ७७ वर्षांच्या माणसाच्या डोळ्यात ती असतेच. दुसऱ्या डोळ्याचा मागचा भाग कापून त्यांनी त्यातून आरपार लाल आणि हिरव्या वस्तू बघितल्या. रंग जसेच्या तसे दिसले. पन्नास वर्षं धरून ठेवलेला सिद्धांत एका सकाळी निकालात निघाला. रॅन्सम यांनी अचूक ओळखलं की दोष डोळ्याच्या द्रवात नाही, त्याच्या मागे कुठेतरी आहे.

आणि मग त्यांनी ते डोळे फेकले नाहीत. हे फार महत्त्वाचं ठरलं.

आईकडून आलेली गोष्ट

डाल्टनच्या टेबलावरचे तुकडे जुळायला शंभरहून जास्त वर्षं लागली. १८७६ मध्ये स्वित्झर्लंडचे डोळ्यांचे डॉक्टर योहान हॉर्नर यांनी दाखवलं की रंगांधळेपणा आजोबांकडून लेकीमार्फत नातवाकडे जातो, लेकीला स्वतःला मात्र सगळं नीट दिसतं. १९११ मध्ये अमेरिकेच्या एडमंड विल्सन यांनी याचं उत्तर एक्स गुणसूत्रात असल्याचं सांगितलं.

ते असं. बाईकडे एक्स गुणसूत्रं दोन असतात, पुरुषाकडे एकच. लाल आणि हिरवा उजेड टिपणारी रंगद्रव्यं बनवणारी जनुकं या एक्सवर असतात. बाईच्या एका एक्सवर बिघाड असला तरी दुसरं काम भागवतं. पुरुषाकडे दुसरं नसतंच, आणि त्याचं ते एकमेव एक्स येतं फक्त आईकडून. म्हणून युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ जणांमागे एकाला लाल-हिरव्याचा गोंधळ असतो, बायकांत मात्र २०० जणींमागे एकीला.

बिघाड होतो कसा, तेही मजेदार आहे. लाल आणि हिरव्याची जनुकं एकमेकांना खेटून बसलेली असतात आणि जुळ्या भावंडांइकी सारखी असतात. बाईच्या शरीरात बीजांड तयार होताना दोन एक्स गुणसूत्रं आपापले तुकडे अदलाबदल करतात. जनुकं इतकी सारखी असल्यामुळे कधीकधी ती एक घर चुकून जुळतात आणि एका गुणसूत्रावर हिरव्याचं जनुक जास्तीचं येतं, दुसऱ्यावर उरतच नाही. पुढच्या पिढ्यांत ते तसंच उतरत राहतं.

म्हणजे जॉन आणि जोनाथन, दोघांचेही डोळे आई डेबोराकडून आले होते. मोज्यांचा लाल रंग एका नजरेत ओळखणाऱ्या डेबोराकडून. तिला हे कधीच कळलं नाही.

नुसत्या नावावर मात्र अजून भांडणं चालू आहेत. रेल्वेचे सिग्नल लाल-हिरवे असल्यामुळे मुंबईच्या लोकलच्या मोटरमनला रंगांची चाचणी पास व्हावीच लागते, आणि ते समजण्यासारखं आहे. पण पुण्याच्या एफटीआयआयने सिनेमा शिकवतानाही रंगांध विद्यार्थ्यांना काही अभ्यासक्रमांसाठी बाद ठरवलं होतं. हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि एप्रिल २०२२ मध्ये कोर्टाने सगळे अभ्यासक्रम त्यांना खुले करायला सांगितलं. रंग न दिसणारा माणूस काय करू शकतो, हे ठरवण्यात घाई करू नये, याचा एक पुरावा तर अणुसिद्धांताच्या रूपाने प्रत्येक वर्गात शिकवला जातो.

पण डाल्टनला नेमकं काय झालं होतं? यंग म्हणाला होता लाल टिपणारी यंत्रणा नाही. बहुतेकांनी तेच धरून ठेवलं होतं. डिसेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी मँचेस्टरवर बॉम्ब टाकले, त्यात सोसायटीची इमारत उद्ध्वस्त झाली आणि डाल्टनचे बरेच कागद जळाले. डोळ्यांचे सुकलेले अवशेष मात्र वाचले. १९९० च्या दशकात लंडन आणि केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा छोटासा तुकडा मागून घेतला आणि त्यातून डीएनए काढला. दीडशे वर्षं जुन्या डोळ्यातून.

निकाल १९९५ मध्ये छापून आला. लालचं जनुक जागेवर होतं. गायब होतं ते हिरव्याचं. म्हणजे डाल्टन चुकला होता आणि यंगसुद्धा.

त्या शास्त्रज्ञांनी आणखी एक काम केलं. त्यांनी जिरेनियमचं फूल घेतलं आणि दिवसाच्या उजेडात व मेणबत्तीच्या उजेडात त्यातून कोणत्या लांबीच्या प्रकाशलहरी किती येतात, ते मोजलं. हे फूल लाल आणि निळा असे दोन्ही प्रकाश परत पाठवतं. मेणबत्तीत निळा प्रकाश जवळपास नसतोच. हिरव्याचं रंगद्रव्य नसलेल्या डोळ्यासाठी गणित मांडलं, तेव्हा ते फूल दिवसा निळ्याच्या बाजूला पडत होतं आणि मेणबत्तीच्या उजेडात पार दुसऱ्या बाजूला. १७९२ मध्ये केंडलच्या त्या मास्तरने जे पाहिलं म्हणून सांगितलं होतं, अगदी तसंच.